खोटं वलय

लकडगंजात, प्रेमजीभाईंच्या आरागिरणीत
मी अठ्ठावीस वर्षं घनफूट लिहितो.
गोलाई, लांबी, गुणिले, भागिले.
सागाचं झाड माझ्या वहीत
आकडा होऊनच आडवं पडतं.
भुसा तेवढा घरी येतो, कानात, बाहीत;
बायको म्हणते, उशीलाही तुमच्या जंगलाचा वास.

नवतपा लागायच्या दोन दिवस आधी
एक पोरगी आली, दुपारे आडनावाची,
तोंडाला दुपट्टा, पाठीवर सॅक, कॉलेजचं पत्र.
म्हणाली, काका, बुंध्याची चकती हवी. परातीएवढी.
"त्याचा तर पाटही होत नाही बापा."
"वाचायची आहे," ती म्हणाली.

मग पंख्याखाली बसून
पॉलिश पेपरनं घासत राहिली तासभर,
बाटलीतलं पाणी शिंपडलं
आणि लाकडातून रेघा वर आल्या,
जशा तापात कपाळावर शिरा येतात.
दर दहाव्या रेघेवर एक टाचणी.
"सालीपासून आत जायचं, काका. साल म्हणजे आत्ता."

आत गेलो.
एक पट्टा रुंद, मधासारखा.
"पाऊस वेळेवर. सप्टेंबरभर टिकलेला."
मी टाचण्या मोजल्या. ते साल मला पाठ आहे:
झडीनं मागची भिंत बसली होती,
रेवती तीन महिन्यांची, आम्ही मेव्हण्याकडे पथारी टाकून.
झाडाला मानवलं होतं ते.

पुढे दोन रेघा, इतक्या जवळ
की भिंगातूनही एकमेकींना चिकटलेल्या.
पहिलीचं समजलं, त्या साली नळाला दिवसाआड पाणी.
"पण दुसऱ्या साली तर पाऊस होता की," मी म्हटलं,
"छत्री हरवली होती माझी, बसमध्ये."
"होता. पण झाड आदल्या वर्षीचं उपाशी.
आधी मुळं भरतात, मग पानं,
खोडाच्या वाट्याला शेवटी उरेल ते."
उधारी फेडल्यावर पगार उरतो तसं,
हे मी बोललो नाही.

आणि इथं तिनं बोट ठेवलं:
"ही रेघ मोजू नका. हे खोटं वलय आहे.
पाऊस आला, झाड कामाला लागलं,
मग चार आठवडे उघाड, ऊन मे महिन्याचं.
झाडाला वाटलं, संपलं वर्ष.
दार लावून घेतलं त्यानं.
नंतर पुन्हा पाऊस, पुन्हा दार उघडलं.
मोजणारा फसतो, एकाची दोन वर्षं धरतो."

मी पाहत राहिलो.
गाभ्याकडे अशी एकच सापडली.
सालीकडे येता येता
तीन, पाच, मग मलाच दिसायला लागल्या,
अर्धवट, पुसट,
बोलता बोलता कुणी मधेच थांबावं तशा.
"म्हणजे हवा बिघडून राहिली," मी म्हटलं.
ती हसली नाही. "एका झाडावरून
काही म्हणता येत नाही, काका.
अजून चाळीस तरी हवीत."

मागे पट्ट्याची करवत सुरू झाली.
एका दमात
कुणाचा तरी सगळा पावसाळा फाळून निघाला,
सरळ, गुळगुळीत, दाराच्या चौकटीसाठी.
अठ्ठावीस वर्षं हा आवाज ऐकतो;
त्या दिवशी मान वळवून पाहिलं.

प्रेमजीभाई म्हणाले, चकतीचं काय लावायचं?
वहीत तिला रकाना नाही.
वजनावर दे, जळाऊच्या भावानं.
काटा थरथरला, थांबला: दोन किलो चारशे.
पोरीनं पैसे दिले, टाचण्यांसकट ती
जुन्या साडीत गुंडाळली, पोटाशी धरली,
आणि स्कूटीवरून निघाली डांबर वितळत असताना.

मी पावती फाडली.
साग, नग एक.
वय लिहावंसं वाटलं. सत्तर? की एकसष्ट?
खोटी धरून, की सोडून?
झाडानं तर दोन्ही वेळा मनापासून दार उघडलं होतं.
पावतीवर तेवढी जागा नव्हती.